मोजलेले श्वास

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, कुणीतरी आपला जेवणाचा डबा कपाटात विसरून गेलंय. तेवढीच माझी उंची, तेवढीच रुंदी, आणि एका कोपऱ्याला पोचासुद्धा आहे. पण डब्याला कधी दिवे असतात का? मी एक जुनी बायोफीडबॅकची पेटी आहे. नाव जड आहे, काम मात्र साधं आहे. माझ्या कुशीतून एक वायर निघते आणि तिच्या टोकाला चिमटा आहे. तो बोटाला लावला की तुमचं हृदय कसं चाललंय ते मला कळतं आणि मी ते दिव्यांनी तुम्हाला दाखवते. मन सैरभैर असेल तर लाल, जरा सावरलं तर पिवळा. श्वास संथ झाला आणि हृदय त्याच्या तालात चालू लागलं की हिरवा. शिवाय माझ्या कडेला बारक्या दिव्यांची एक उभी रांग आहे. ती हळूहळू वर पेटत जाते तेव्हा श्वास घ्यायचा, खाली उतरते तेव्हा सोडायचा. मिनिटाला फक्त सहा वेळा. मी औषध देत नाही आणि उपदेशही करत नाही. तुमच्या आत जे चाललंय ते तुमच्यासमोर ठेवते, पुढचं तुमचं तुम्ही बघायचं.

माझा जन्म साकीनाक्याचा. पत्र्याचा जिना चढून गेलं की असली यंत्रं बनवणाऱ्या सुबोधदादांचा गाळा होता. खालच्या गाळ्यात दिवसभर डब्यांची झाकणं ठोकणारं यंत्र धाडधाड चालायचं आणि त्याने आमचं टेबल हादरायचं. माणसांना शांत व्हायला शिकवणारी मी अशा जागी जन्मले, याचं मला आजही हसू येतं. माझं डोकं सुबोधदादांचं, पण हात काशीरामकाकांचे. काका मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, काकांनी उमेदीची वर्षं रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करण्यात घालवली होती. माझ्या पोटातला एक एक सांधा त्यांनी डोळ्याला भिंग लावून जोडला.

मी तयार झाले त्या दिवशी सुबोधदादांनी चिमटा काकांच्याच बोटाला लावला. मी भकदिशी लाल झाले.

"माका काय्येक झाला नाय," काका म्हणाले, "मगे ह्यो दिवो लाल कित्याक?"

"काका, तुम्ही श्वास रोखून धरलाय," सुबोधदादा हसायला लागले. "सोल्डरिंग करताना धरता ना, तस्साच. गेली तीस वर्षं धरूनच बसलाय की काय? सोडा आता."

काकांनी हळूच श्वास सोडला. पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. चार-पाच मिनिटं ते माझ्या दिव्यांच्या रांगेकडे बघत राहिले आणि मग माझा हिरवा दिवा आयुष्यात पहिल्यांदा लागला. त्यांनी मला फडक्याने पुसलं आणि माझ्या तळाला बारीक अक्षरांत 'साकीनाका' आणि तारीख कोरली. ती अजून आहे.

तिथून मी विलेपार्ल्याला आले. तिथल्या एका रुग्णालयाला जोडून नर्सिंगची शाळा आहे. रत्नप्रभा मॅडम तिथे शिकवायच्या. उंच, किडकिडीत, पदराला कायम दोन सेफ्टी पिना. आदल्या वर्षी दोन चांगल्या मुली परीक्षेच्या धास्तीने शाळा सोडून गेल्या, ते मॅडमच्या मनाला फार लागलं होतं. मला टेबलावर ठेवलं तेव्हा त्या वर्गाला म्हणाल्या, "पेशंटची नाडी बघायला मी तुम्हाला शिकवते. पण तुमची नाडी कोण बघणार? आजपासून तुम्हीच बघायची."

मित्रांनो, त्या मुलींबद्दल मी काय सांगू! सकाळी सहाला त्यांची ड्यूटी सुरू व्हायची. कुणाचं बेडपॅन, कुणाची उलटी, कुणाच्या नातेवाइकांचा राग, कुणा डॉक्टरांचा आवाज, सगळं झेलून त्या दुपारी वर्गात येऊन बसायच्या आणि संध्याकाळी पाठांतर करायच्या. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली. घरी स्वतःचं ताट उचलायचा कंटाळा केला असेल, पण इथे परक्या माणसाला भरवताना घास आधी फुंकून गार करायच्या. मी पेटी असले तरी मला ते बघून भरून यायचं.

मुलींनी माझं नाव आत्या ठेवलं. का, तर मी सगळं बघते आणि जे दिसतं ते तोंडावर सांगते. हळूहळू माझ्याभोवती स्पर्धाच लागली. कुणाचा दिवा आधी हिरवा होतो? हरेल तिने चहा पाजायचा. त्यात मुलुंडची रुचिरा कायम पहिली. हुशार, चटपटीत, वर्गातही पहिली आणि माझ्याकडेही.

"पन्नास सेकंद! झकास!" ती चिमटा काढून पुढचीकडे फेकायची. "आत्या आपली पार्टी आहे, यार."

खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडायचं. हिरवा दिवा लागला की टाळ्या पडायच्या आणि त्या टाळ्या माझ्याच आहेत असं मी धरून चालायचे. मॅडमना मात्र ते पसंत नव्हतं. "शर्यत नाहीये गं ही," त्या म्हणायच्या. पण शर्यत काही थांबली नाही.

या सगळ्या गलक्यात एक मुलगी मागे उभी असायची. ज्युलिया. अंधेरीच्या मरोळ गावठाणातली. वाडवडिलांची भातशेती होती, ती कधीच गेली. तिचे वडील, त्यांचं नाव अर्बन, विमानतळावर सामान चढवायचं काम करायचे. ज्युलियाचे हात थरथरायचे. एरवी नाही हं, फक्त कुणी बघत असलं की. पहिल्या प्रॅक्टिकल परीक्षेला ती इंजेक्शनचा ट्रे घेऊन पेशंटकडे निघाली आणि ट्रेमधल्या बाटल्या अशा खुळखुळायला लागल्या की पेशंटच उठून बसला आणि म्हणाला, "बाळा, आधी तू बस." वॉर्डभर हशा पिकला. ती नापास झाली. पुन्हा नापास झाली असती तर तिला खालच्या वर्गात बसावं लागणार होतं.

"नाय जमत तर सोड बाय," वडील तिला म्हणाले होते. ते त्यांनी मायेनेच म्हटलं होतं, पण तिला ते कानफटात मारल्यासारखं लागलं. कारण तिला सोडायचं नव्हतं. तिला नर्सच व्हायचं होतं.

मॅडमनी तिला रोज दुपारी माझ्यापुढे एकटीला बसवायला सुरुवात केली. नियम सोपा होता. आधी घड्याळ लावून एक मिनिट स्वतःचे श्वास मोजायचे आणि वहीत लिहायचे. मग दहा मिनिटं चिमटा लावून माझ्या दिव्यांबरोबर श्वास घ्यायचा. मग पुन्हा एक मिनिट मोजायचे आणि लिहायचे.

पहिले चार दिवस मी लालच्या लालच होते. पाचव्या दिवशी पिवळी झाले. आठव्या दिवशी कुठे जरासा हिरवा उजळला आणि ज्युलिया इतकी दचकली की मी लगेच पुन्हा लाल. तिला हसू फुटलं. मला त्या दिवशी ती फार आवडली.

पंधरा दिवसांनी मॅडमनी वही उघडली. त्यांनी एक पान बघितलं, दुसरं बघितलं, चष्मा पुसला.

"ज्युलिया, बसण्याआधी किती श्वास?"

"वीस, मॅडम."

"आणि बसून उठल्यावर?"

"वीस."

"दहा मिनिटं ही पेटी तुला मिनिटाला सहा श्वास घ्यायला लावते. तू घेतेसही, मी बघते ना. मग उठल्याबरोबर पुन्हा वीस? रोज? एकही दिवस एकोणीस नाही, एकवीस नाही?"

मॅडमना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी कपाटातून अख्ख्या वर्गाच्या वह्या काढल्या. मुली वॉर्डात पेशंटचा ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब लिहायच्या त्या वह्या. ताप वेगवेगळे, नाड्या वेगवेगळ्या, रक्तदाब वेगवेगळे. श्वासाच्या रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत वीस, वीस, वीस.

"म्हातारा असो, तरणा असो, ऑपरेशनवाला असो, सगळे वीस!" मॅडम संतापून हसल्या. "पेशंट आहेत की कवायतीला उभे केलेत?"

मित्रांनो, ही खोड या कामातल्या माणसांनाच लागते. तापाला थर्मामीटर आहे, रक्तदाबाला यंत्र आहे. श्वासाला कुणी नाही. तो छातीकडे बघत पूर्ण मिनिटभर मोजावा लागतो, तोही पेशंटला कळू न देता. कुणी मोजतंय असं कळलं की त्याचा श्वास लगेच बदलतो. म्हणून नाडी बघून झाली तरी मनगट सोडायचं नाही, हात तसाच धरून नजर छातीवर ठेवायची. आणि वॉर्डात चाळीस माणसं असतात. मग चाळीस मिनिटं कुठून आणणार? धडधाकट माणसाचे बारा ते वीस असतात असं पुस्तकात दिलेलं आहे. म्हणून सगळे वीस लिहून मोकळे.

इतर मुली ओशाळून हसल्या. ज्युलिया मात्र मागे थांबली आणि सगळ्या गेल्यावर म्हणाली, "मॅडम, मी वेळ नव्हता म्हणून नाही लिहिलं. माझ्याकडे वेळच वेळ होता. पण मोजलं आणि चुकलं तर? वीस लिहिलं की कोणी काही विचारत नाही."

मॅडमचा राग कुठच्या कुठे गेला. त्या तिच्या शेजारी स्टुलावर बसल्या. "आता मोज," म्हणाल्या. "चुकली तर पुन्हा मोज. मी इथेच बसलेय."

ज्युलियाने मोजले. चोवीस भरले. तिने भीत भीत चोवीस लिहिले. दहा मिनिटं ती माझ्याबरोबर बसली आणि पुन्हा मोजले तर नऊ. तिने तो नऊ असा काही निरखून पाहिला की जणू तो आकडा तिने आधी कधी बघितलाच नव्हता. त्या दिवसापासून तिने माझ्या दिव्यांकडे बघायची पद्धत बदलली. लाल लागला की पूर्वी ती शरमायची. आता ती नुसती म्हणायची, "बरं, घाबरलेय मी." आणि श्वास घ्यायला लागायची. महिनाभराने ती चिमटा लावण्याआधीच मला सांगू लागली, "आत्या, आज तू लाल लागणार बघ." किंवा, "आज पिवळी." दहातल्या नऊ वेळा तिचं बरोबर यायचं. मला थोडा राग आला, खरंच सांगते. माझं काम तिने माझ्यावाचून करायला घेतलं होतं.

परीक्षेचा दिवस उजाडला. मॅडमनी मला आदल्या संध्याकाळीच वॉर्डाला लागून असलेल्या छोट्या खोलीत टेबलावर ठेवलं होतं. मुली आत जाण्याआधी पाच मिनिटं माझ्यापाशी बसत होत्या. दार उघडंच होतं आणि त्यातून मला बेड नंबर अकरा नीट दिसत होता. तिथे सुगंधाआजी होत्या. पडून मांडीचं हाड मोडलं म्हणून चार दिवसांपूर्वी त्यांचं ऑपरेशन झालं होतं. मायाळू बाई. येणाऱ्या-जाणाऱ्या मुलीला "जेवलीस का गं?" विचारायच्या. त्या दिवशी त्या कुणाला काही विचारत नव्हत्या. डोळे मिटून पडल्या होत्या.

ज्युलियाला बेड अकरा आला. परीक्षक होत्या शर्मिष्ठा मॅडम, बाहेरच्या कॉलेजातून आलेल्या. गेल्या खेपेलाही त्याच होत्या. आधी ताप, नाडी, श्वास, रक्तदाब, मग इंजेक्शन. सगळं पंचवीस मिनिटांत.

ज्युलियाने आजींचं मनगट धरलं, नाडी मोजली आणि मनगट न सोडता नजर छातीवर नेली. तिच्या गणवेशावर अडकवलेल्या घड्याळाचा काटा पूर्ण फिरला. तिचा चेहरा उतरलेला मला इथून दिसला.

"किती?" शर्मिष्ठा मॅडमनी विचारलं.

"बत्तीस."

मॅडमनी बेडच्या पायथ्याला अडकवलेला तक्ता उचलला. "सकाळी सहाला वीस आहेत. काल रात्री वीस. काल दुपारी वीस. तुझे एकदम बत्तीस?"

ज्युलियाने पुन्हा आजींच्या छातीकडे पाहिलं.

"ट्रे वाजवणारी तूच ना? अगं, घाबरल्यावर मोजण्यात घाई होते. नीट बघून घे आणि पुढे चल. नऊ मिनिटं गेलीत तुझी."

मित्रांनो, तेव्हा काय पणाला लागलं होतं ते नीट समजून घ्या. तक्त्यावर वीस होते. परीक्षकांना वीस पटत होते. वीस लिहून ती इंजेक्शनकडे वळली असती तर तिला कुणी काही म्हणालं नसतं. बत्तीसवर अडून बसली असती आणि चूक निघाली असती तर ती पुन्हा नापास, पुन्हा हशा, आणि वडील म्हणणार, सोड बाय. आणि चूक असायचा संभव होताच की! ती खरोखरच घाबरली होती. तिचे हात थरथरत होते. तिचं बोट तेव्हा माझ्या चिमट्यात असतं तर मी लालभडक झाले असते.

तिने दाराकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही येणार. मला उचलून बोट चिमट्यात घालणार. मी तयारच होते. पण ती आली नाही. तिने नजर वळवली, डोळे अर्धवट मिटले आणि श्वास घेतला. माझी दिव्यांची रांग जितक्या सावकाश चढते, तितक्याच सावकाश. आणि तितक्याच सावकाश सोडला. एक. दोन. तीन. चार. इथे माझ्यातले दिवे बंद होते, पण माझी चाल तिच्या छातीत जशीच्या तशी चालू होती. तिने पुन्हा आजींचं मनगट धरलं, पुन्हा घड्याळ बघितलं, पुन्हा पूर्ण मिनिट.

"मॅडम," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण शब्द स्पष्ट होते. "चौतीस आहेत. घाबरलेली मी आहे, ते मला माहितीये. पण श्वास आजींचे जास्त आहेत."

शर्मिष्ठा मॅडमनी हातातला कागद खाली ठेवला आणि स्वतः आजींचं मनगट धरलं. ते एक मिनिट सरता सरत नव्हतं. अर्ध्यातच त्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला.

"सिस्टर, डॉक्टरांना बोलवा," त्या मोठ्याने म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता!"

मग धावपळ झाली. ऑक्सिजन आला, डॉक्टर आले, आजींना एक्स-रेला नेलं. छातीत संसर्ग धरू लागला होता. ताप अजून चढला नव्हता, खोकलाही नव्हता. फक्त श्वास वाढले होते, आणि ते मोजल्याशिवाय दिसत नाहीत. संध्याकाळपर्यंत थांबलं असतं तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाल्याचं मी ऐकलं. माझा जीव भांड्यात पडला. आजी बाराव्या दिवशी घरी गेल्या, आणि जाताना ज्युलियाला विचारून गेल्या, "जेवलीस का गं?"

ज्युलियाची परीक्षा दुपारी दुसऱ्या बेडवर पुन्हा घेतली. ट्रे वाजला. हो, वाजला, थोडासा. पण इंजेक्शन नीट दिलं गेलं आणि ती पास झाली. अर्बनकाका संध्याकाळी गेटवर आले होते. लेकीने पास झाल्याचं सांगितलं तर म्हणे ते नुसते तिच्या डोक्यावर थोपटत राहिले.

गोष्ट इथे संपली असती, पण त्या संध्याकाळी छोट्या खोलीत रुचिरा आली. एकटीच. दार लोटून तिने चिमटा बोटाला लावला. मी लाल झाले. ती थांबली. मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. मी लालच. त्या मुलीच्या बोटाला मी लाल लागले असं आजवर कधी झालं नव्हतं.

"आत्या, आज काय झालं गं तुला?" तिने मला एक चापट मारली.

"तिला काय होणार?" दारातून ज्युलिया म्हणाली. ती कधी आली ते मलाही कळलं नव्हतं.

रुचिरा तिच्याकडे न बघता म्हणाली, "सकाळी सहाचा तक्ता माझा होता. तू माझं नाव नाही घेतलंस."

"सही होती ना तुझी. मी कशाला घेऊ?"

"अगं, मी आजींकडे बघितलंसुद्धा नव्हतं! पायथ्याशी उभी राहून वीस लिहिले आणि पुढे गेले. बारा नंबरच्या बाईला उलटी होत होती, तेरा नंबरची सलाइन संपली होती..." बोलता बोलता ती रडायलाच लागली. "आजींना काही झालं असतं तर, ज्युली? माझी वाट लागली असती ते सोड. आजी गेल्या असत्या ना."

तिला वाईट ठरवावं असं माझ्या मनातही आलं नाही. तिने त्या सकाळी बारा नंबरला आणि तेरा नंबरला जे केलं तेही मी दारातून पाहिलं होतं. दोन हातांनी चार हातांचं काम करत होती ती. ज्युलियाने स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी बसली, जशा कधी मॅडम तिच्या शेजारी बसल्या होत्या.

"मीपण वीसच लिहायचे," ती म्हणाली. "चल, मोज आता. चुकली तर पुन्हा मोज."

दुसऱ्या दिवशी रुचिरा स्वतःहून मॅडमकडे आणि वॉर्डच्या सिस्टरकडे गेली आणि सगळं सांगितलं. बोलणी खाल्ली. महिनाभर तिला दर फेरीला प्रत्येक पेशंटचे श्वास मोजायची शिक्षा झाली. महिना संपला तरी तिने ते सोडलं नाही. आणि माझ्यापुढची हिरव्या दिव्याची शर्यत त्या दिवसापासून आपोआप बंद झाली.

पुढची वर्षं माझ्या वाट्याला तितकीशी बरी आली नाहीत. मुलींच्या फोनमध्ये माझं काम करणारं काहीतरी आलं. रत्नप्रभा मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला पुसून कपाटात ठेवलं, पण गडबडीत माझ्या पोटातले चार सेल काढायचे राहिले. मग टाळेबंदी आली. शाळा बंद, कपाट बंद. ज्या मुली माझ्यापुढे बसून श्वास घ्यायला शिकल्या, त्या बाहेर लोकांचे श्वास वाचवत धावत होत्या, आणि मी अंधारात बसून होते. सेल पाझरले. त्यांचं पाणी माझ्या आतल्या पत्र्यांवर पसरलं आणि सगळं पांढरं, खरबरीत होऊन गेलं. दुखत होतं की नाही ते मला सांगता येणार नाही, पण आपली आठवण कुणालाच नाही याचं वाईट फार वाटलं.

कपाट उघडलं ते ज्युलियाने. सहा वर्षं वॉर्डात काम करून ती त्याच शाळेत शिकवायला आली होती. आता तिला मुली मॅडम म्हणत होत्या. तिने मला हलवलं, बटण दाबलं, काही झालं नाही. तिने मला उलटं केलं आणि तळावरची तारीख आणि 'साकीनाका' ही अक्षरं वाचली. साकीनाका तिच्या मरोळपासून जवळच. विचारत विचारत तिने काशीरामकाकांना शोधून काढलं. काका आता थकलेत, गाळ्यात दुपारपुरते येतात. त्यांनी मला ओळखलं. जेवणाच्या डब्यातली लिंबाची फोड घेऊन त्यांनी माझे आतले पत्रे घासले, कापडाने कोरडे केले, मेलेला हिरवा दिवा काढून नवा जोडला. जोडताना त्यांनी श्वास रोखून धरला होता. मला ओरडून सांगावंसं वाटलं, काका, सोडा!

ज्युलियाच ते म्हणाली. "काका, श्वास सोडा."

"अगो, सवय ती," काका हसले आणि चिमटा स्वतःच्या बोटाला लावला. माझा नवा हिरवा दिवाही त्यांच्याच श्वासावर लागला.

मित्रांनो, आता मी पुन्हा शाळेत आहे, खिडकीपाशी. माझं तुमच्याकडे मागणं फार नाही. माझ्यासारख्या वस्तू तुमच्या घरी असतील, रिमोट असेल, घड्याळ असेल, खेळणं असेल. ठेवून देताना त्यांचे सेल काढत जा. आम्हाला ओरडता येत नाही. आणि कधी तुमचे हात थरथरले, छाती धडधडली, तर शरमू नका. घाबरलोय, असं म्हणा, चार श्वास सावकाश घ्या आणि मग जे समोर आहे ते नीट बघा. त्यासाठी मी हवीच असं नाही. हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

परवा ज्युलिया मॅडमनी नव्या वर्गाची वही माझ्या शेजारी उघडी ठेवली होती. श्वासाच्या रकान्यात सतरा आहेत, चौदा आहेत, बावीस आहेत. एकीने एकोणीस लिहून ते खोडून, पुन्हा मोजून अठरा केले आहेत. एके ठिकाणी वीसही आहेत. ते मोजलेले वीस आहेत.